साचा सात

माझं काम ओरडण्याचं. कोर्टाच्या दाराबाहेर उभं राहायचं आणि आतून खूण झाली की आरोपीच्या, साक्षीदाराच्या नावानं तीनदा पुकारा करायचा. जिन्याखाली चहा पीत बसलेल्यालाही ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर साहेबांचा पारा चढलाच म्हणून समजा. बावीस वर्षं हेच केल्यामुळे गळा असा झालाय की घरात पाणी मागितलं तरी शेजारची माणसं खिडकीत येतात. कोर्टात मला सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव ताईनं ठेवलं होतं. ही गोष्ट तिची आहे. मध्येमध्ये मी कडमडणार, त्याला इलाज नाही.

ताई म्हणजे आमच्या कोर्टाची टायपिस्ट. साहेबांच्या उंच खुर्चीखाली, डाव्या हाताला तिचं टेबल. आमच्याकडे फक्त गंभीर गुन्हे यायचे. खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा, घरात घुसून हातपाय तोडणं. साक्षीदार बोलणार, साहेब त्याचं नीट वाक्य करून सांगणार आणि ताई टाइप करणार. 'कवटी डाव्या बाजूला चार इंच फुटलेली, मेंदूचा भाग बाहेर आलेला' असं टाइप करता करता ती दाराकडे बघून मला हातानं विचारायची, डबा आणलास का? पहिल्या वर्षी म्हणे ती रोज मोरीत जाऊन ओकायची. मी नोकरीला लागलो तोवर तिचं सगळं ओकून झालं होतं.

तिच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे मुद्देमालाची खोली होती. कुऱ्हाडी, कोयते, सळया, एक वाकलेला झारा, कुणा म्हाताऱ्याचा रक्तानं कडक झालेला सदरा, सगळ्यांना दोऱ्यानं चिठ्ठ्या बांधलेल्या. उन्हाळ्यात तिथून असा वास सुटायचा की नवे वकील नाकाला रुमाल लावायचे. ताई मान वर न करता म्हणायची, "वकीलसाहेब, फी घेताना नाही का हो येत वास?"

तिला नवरा होता. मारायचा. एकदा गळ्याजवळचं हाड मोडलं, तर दुसऱ्या दिवशी हात झोळीत घालून कामावर हजर. त्या दिवशी नेमकी बायकोला जाळणाऱ्या एकाच्या खटल्यातली साक्ष होती. ताईनं एका हातानं टाइप केली, आणि एकही चूक नाही. मग एका संध्याकाळी नवऱ्यानं पुन्हा हात उचलला, तेव्हा तिनं कागदांना भोकं पाडायचं ते लोखंडी यंत्र उचललं आणि त्याच्या कपाळात घातलं. सात टाके पडले. तो बरा झाला आणि जो गेला तो गेलाच. ताई हे हसत हसत सांगायची. "पहिलाच गुन्हा, राग अनावर, घरात दुसरं कुणी नाही. साचा चार लागला असता मला, भोंग्या. चार महिन्यांत सुटले असते."

हे साच्याचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथंच बिघडलं.

आरोपी दोषी ठरला की लगेच शिक्षा सुनवायची नसते. आधी त्याला विचारायचं असतं, शिक्षेबद्दल तुला काय सांगायचंय? ते लिहून घ्यायचं आणि इतकीच वर्षं का, त्याची कारणं लिहायची. कायदा तसा आहे. पण माणसं तीच ती बोलतात. आई म्हातारी आहे, पोरं लहान आहेत, चूक झाली, पदरात घ्या. रोज कोण ऐकणार आणि कोण टाइप करणार? म्हणून ताईनं कॉम्प्युटरमध्ये तयार परिच्छेद करून ठेवले होते, आकडे घालून. साचा चार म्हणजे पहिलाच गुन्हा, गरिबी, कुटुंब अवलंबून, दया दाखवावी. साचा सात म्हणजे सराईत. 'आरोपीस यापूर्वी अशाच गुन्ह्यांत दोन वेळा शिक्षा झालेली आहे. त्याच्यात सुधारणा होण्याची शक्यता दिसत नाही.' दोन्हींची सुरुवात एकच, 'आरोपीचे म्हणणे ऐकले.' साहेब नुसतं म्हणायचे, चार टाका, सात टाका. वर्षांची जागा कोरी ठेवायची. कागद आत गेला की साहेब तो परिच्छेद वाचायचे आणि पेनानं आकडा भरायचे.

भर कोर्टात मोठ्यानं वाचला जायचा तो फक्त आकडा. का, ते कागदात. आणि तो कागद वाचतो कोण? आरोपीला वाचता येत नाही, आलं तरी त्या दिवशी अक्षर दिसत नाही, आणि वकील तोवर अर्धा जिना उतरलेला. एकाच आठवड्यात दोघांनी दोघांची डोकी फोडल्याचे दोन खटले मी पाहिले आहेत. एकाला तीन वर्षं, दुसऱ्याला आठ. मी एकदा ताईला विचारलं, "हा भाव ठरतो कसा हो?" ती म्हणाली, "आकडा साहेबांचा, शाई साहेबांची. मला कशाला विचारतोस?"

आता तो वेल्डर.

वेल्डर आणि एक रंगारी, दोघं भागीदार. लोखंडी दारं, जिन्यांचे कठडे बनवायचे. दहा वर्षांची दोस्ती. एकदा कठडा वीतभर आखूड झाला आणि माप कुणी चुकवलं यावरून जुंपली. मापावरून आईवर गेले, आईवरून बहिणीवर. रंगाऱ्यानं रंगाचा भरलेला डबा फेकून वेल्डरच्या छातीत मारला. वेल्डरच्या हाताला लोखंडी अँगल लागला, तो त्यानं फिरवला. एकच घाव, कानामागे. रंगारी कोसळला तो चालू ग्राइंडरवर. मशीननं त्याचा गाल, जबडा आणि अर्धा कान खाल्ला. डॉक्टर साक्षीत ते सांगत होते, तेव्हा सरकारी वकीलसुद्धा खिडकीबाहेर बघत होते.

मशीन बंद केलं वेल्डरनंच. रंगाऱ्याला खांद्यावर टाकून टेम्पोत घातलं वेल्डरनंच. हॉस्पिटलच्या दारात बसून पोलिसांना 'मी मारलं' म्हणाला तोही वेल्डरच. तिसऱ्या दिवशी रंगारी गेला. त्याआधी वेल्डरच्या नावावर साधी मारामारीची तक्रारही नव्हती.

निकालाच्या दिवशी साहेब म्हणाले, खुनाचा हेतू नव्हता, पण जीव गेला, दोषी. या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कितीही शिक्षा देता येते. साहेबांचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच रंगाऱ्याचा भाऊ बाकावरून उठला. तो ट्रक चालवायचा. प्रत्येक तारखेला यायचा, कोपऱ्यात गप बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. त्यानं बुटातून पत्रा कापायचं पातं काढलं आणि कठड्यावरून झेप घेऊन वेल्डरच्या मानेवर ओढलं. कानापासून खांद्यापर्यंत. रक्ताची चिळकांडी थेट ताईच्या टेबलावर गेली, बटणांवर, कागदांवर, तिच्या चष्म्यावर. दुसरा वार करायला त्यानं हात उचलला तेव्हा मी त्याच्या अंगावर पडलो. पातं काही सुटेना. शेवटी मी त्याचं मनगट चावलं. खोटं कशाला सांगू, मांस तोंडात आलं तेव्हा त्यानं पातं टाकलं.

साहेब उठून आतल्या खोलीत गेले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "आजच संपवा हे. नेहमीचं टाका."

नेहमीचं म्हणजे चार. ताईनं फडक्यानं बटणं पुसली, पण रक्त ते, चिकटच राहिलं. कीबोर्डवर आकड्यांचा जो वेगळा चौकोन असतो ना, त्यात चारच्या डोक्यावरच सात. तिच्या चष्म्यावर डाग होते. साचा आला, तिनं तो न वाचता छापला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कारण तोच परिच्छेद तिनं हजार वेळा पाहिला होता, आणि ज्याचे शब्द पाठ असतात ते कुणी वाचतं का? वेल्डर तेव्हा खाली मानेला टाके घालून घेत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. कागदावर मात्र होतं, आरोपीचे म्हणणे ऐकले.

कागद आत मी नेला. ताई मोरीत हात धूत होती. साहेबांनी परिच्छेद वाचला, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "हा पण सराईत? वाटलं नव्हतं." पेन उचललं आणि कोऱ्या जागेत दहा लिहिलं. मी समोर उभा होतो, तोंडात दुसऱ्याच्या रक्ताची चव. मी म्हटलं, असेल बाबा, साहेबांना माहीत.

तीन वर्षं गेली. साहेब बदलून गेले, त्यांच्या जागी मॅडम आल्या. मग एके दिवशी वेल्डरची बायको आली. हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचं काम करायची. हात असे फाटलेले की बघवत नव्हतं. कोर्टात जो येतो तो आधी दाराशी मलाच भेटतो. तिनं अर्ज दिला, सोबत निकालाची नक्कल. अर्ज तिनं कुणाकडून तरी लिहून घेतला होता, पण मजकूर सरळ होता. माझ्या नवऱ्याला याआधी कधीही शिक्षा झालेली नाही. निकालात दोनदा झाली असं लिहिलंय म्हणून त्याला सराईतांच्या बराकीत ठेवलंय. तिथं त्याच्या बरगड्या दोनदा मोडल्या आहेत. हे कुठून आलं ते बघा आणि त्याला तिथून काढा.

मी नक्कल उघडली आणि परिच्छेद वाचला. ती दोन वाक्यं मला ओळखीची होती. साहेबांच्या भुवया आठवल्या.

ताईला निवृत्त व्हायला चौदा महिने होते. चौकशी लागली असती तर पेन्शन गेलं असतं, आणि ताईला पुढंमागं दुसरं होतं कोण? मी अर्ज माझ्या कपाटात ठेवला, खालच्या कप्प्यात, जुन्या गणवेशाखाली. वेल्डरच्या बायकोला म्हटलं, मॅडम रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या. पुढच्या सोमवारी म्हटलं, फाईल वर गेलीय. मग म्हटलं, शिक्का व्हायचाय. तिनं आठ खेटे घातले. दर वेळी तेच, "दादा, तेवढं बघा ना. ते मारतात हो त्यांना." शेवटी मीच तिच्यावर खेकसलो, "सारखं सारखं येऊन लवकर होतं का? समजत नाही तुम्हाला?" ती माफी मागून गेली. माफी तिनं मागितली! मला आज त्याची लाज वाटते, आणि तेव्हाही वाटली होती.

एके दिवशी ती माझ्यापाशी थांबलीच नाही. कोर्ट चालू होतं, ती सरळ आत शिरली आणि किंचाळली, "डोळा काढला माझ्या माणसाचा! डोळा काढला!" बराकीत दोघांनी वेल्डरला धरलं होतं आणि तिसऱ्यानं घासून टोकदार केलेला चमच्याचा दांडा डोळ्यात घातला होता. कारण काय, तर झोपायच्या जागेवरून भांडण. तिनं आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला आणि त्यावर कपाळ आपटायला लागली. एक, दोन, तीन. कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेना. हवालदारानं केस धरून तिला मागं ओढलं.

ताई मशीन सोडून उठली. कोर्ट चालू असताना ती कधी जागची हललेली मी पाहिली नव्हती. तिनं हवालदाराला असा ढकलला की तो बाकावर बसला. बायकोला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतःच्या रुमालानं कपाळ दाबलं आणि तिच्या मुठीतली नक्कल सोडवून घेतली. मी दारातून बघत होतो. तिनं परिच्छेद एकदा वाचला. पुन्हा वाचला. मग मॅडमकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे माझं आहे. हे त्याचं नाही."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिला खिडकीपाशी गाठलं.

"ताई, तोंड शिवून बसा. सही साहेबांची आहे, तुमची नाही."

"बटण मी दाबलं."

"त्याला दहा मिळालीच असती. माणूस मारलाय त्यानं."

"कशावरून मिळाली असती?"

तेव्हा मी तिला साहेब काय म्हणाले ते सांगितलं. हा पण सराईत? वाटलं नव्हतं. ताईनं ऐकलं आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की भोंगा बंद पडला.

"तीन वर्षं पोटात ठेवलंस हे?"

"चूक होती हे मला कुठं माहीत होतं!"

हे खरंच होतं, त्या तीन वर्षांपुरतं. तिला पटलं. म्हणाली, "मग हे आता लेखी द्यायचं. माझ्याबरोबर." मी दिलं. साहेबांचं वाक्य जसंच्या तसं दिलं. कपाटातल्या अर्जाबद्दल मात्र मूग गिळून बसलो. बायकोनं आठ खेटे घातल्याचं रडत रडत सांगितलं होतं, पण कोर्टात खेटे कोण घालत नाही? ताईला त्यात नवल वाटलं नाही.

ती स्वतःची चूक सांगून थांबली नाही. 'म्हणणे ऐकले' असं लिहिलेल्या निकालांपैकी किती जणांचं खरोखर ऐकलं होतं, ते तिनं फायली काढून, आठवून आठवून लिहिलं आणि वरच्या कोर्टाला पाठवलं. मग काय विचारता! ज्यांची जुनी प्रकरणं त्यात होती ते वकील तिच्याशी बोलायचे थांबले, कारकुनांनी तिच्या खुर्चीवर शाई ओतली, जिन्यात कुणीतरी मागून धक्का दिला आणि तिचा गुडघा फुटला. महिन्याभरात निलंबनाचा कागद हातात पडला. मी म्हटलं, काय मिळवलंत? ती म्हणाली, "त्याला त्या बराकीतून काढलं ना, पुरे."

वरच्या कोर्टानं शिक्षेपुरता खटला परत पाठवला. सुनावणीला वेल्डरला आणलं तेव्हा तो माझ्यासमोरच उभा होता, तरी मी त्याचा पुकारा तीनदा केला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती सुरकुतलेली खाच. मॅडमनी त्याला समोर उभं केलं आणि विचारलं, "शिक्षेबद्दल काय सांगायचंय?"

तो म्हणाला, "मारला मीच. दोस्त होता माझा. ते मशीन अजून कानात चालू आहे. तेव्हा तुम्ही दहा दिली असती आणि दोस्ताला मारलास म्हणून दिली असं सांगितलं असतं, तर मी गप भोगली असती. पण मी सराईत नाही, मॅडम. माझी पोर शाळेत जाते. तिला मुलं विचारतात, तुझ्या बापानं आधीचे दोन कोण मारले?"

मॅडमनी रंगाऱ्याच्या भावालाही विचारलं. पातं मारल्याबद्दल तो स्वतः दोन वर्षं आत राहून आला होता. मनगटावर माझ्या दातांची खूण होती. तो म्हणाला, "दहा ऐकलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो होतो. आज तुम्ही कमी करणार. करा. माझा भाऊ काही कमी मेला नाही."

त्याचंही खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

मॅडमनी निकाल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला. पाऊण तास लागला. एकच घाव होता, जखमीला यानंच हॉस्पिटलात नेलं, आधीचा गुन्हा नाही. पण हत्यार लोखंडी होतं, घाव डोक्यावर होता, चालू मशीन शेजारी आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून चारपेक्षा कमीही नाही. चार वर्षं. त्यातली जवळजवळ सगळी भरली होती. ट्रकवाला खाली मान घालून शेवटपर्यंत बसला, उठून गेला नाही. निकाल असा कारणांसकट वाचलेला बावीस वर्षांत मी पहिल्यांदा ऐकला.

सुटल्यावर वेल्डर बायकोला घेऊन कोर्टात आला. मी फाटकापाशी होतो. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. वेल्डरचे हात ते, खरबरीत, भाजल्याच्या डागांनी भरलेले. म्हणाला, "दादा, साहेब काय बोलले ते तुम्ही सांगितलंत म्हणून मी बाहेर आलो. तुमचे उपकार कसे फेडू?" शेजारी बायको उभी, कपाळावर व्रण, आणि तीही माझ्याकडे भरल्या डोळ्यांनी बघतेय. मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "माझे उपकार नकोत. तुमचा अर्ज माझ्या कपाटात होता. मी दाबून ठेवला होता."

त्याला आधी कळलंच नाही. बायकोला कळलं. ती हळूच म्हणाली, "मी दर वेळी तुमच्यासमोर उभी राहत होते."

मग त्याला कळलं. पहिला ठोसा तोंडावर बसला आणि समोरचे दोन दात घशात गेले. दुसरा नाकावर. मी खाली पडलो तेव्हा त्यानं लाथा घातल्या, बरगडीत, पोटात, पुन्हा बरगडीत. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. त्यानं फाटकाशेजारचा दगड उचलला. तो दगड डोक्यात बसला असता तर ही गोष्ट दुसऱ्या कुणालातरी सांगावी लागली असती. मी हात वर केला नाही. बायकोनं दगड धरला. म्हणाली, "नको. पुन्हा नको. पोर वाट बघतेय." तो दगड टाकून तिथंच बसला आणि हमसून हमसून रडायला लागला.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. वेल्डरला न्यायाधीशांनी माझा जबाब वाचून समज देऊन सोडलं, आणि त्याच जबाबावर माझी नोकरी गेली. दोन्ही बरोबरच झालं. ताईचं अर्धं पेन्शन कापलं, ते मात्र मला आजही पटत नाही.

तर तो जबाब. हवालदार धावत आला. वेल्डरची मानगूट पकडून म्हणाला, "यानंच मारलं ना? चला, परत आत." मी रक्त थुंकत म्हटलं, "यानं मारलं ते लिहा. पण का मारलं तेही लिहा, नाहीतर मी सही करणार नाही." हवालदाराला ते नको होतं. कोर्टाच्या कपाटातला अर्ज, म्हणजे भानगड वरपर्यंत जाणार. तो कागद घेऊन घुटमळत राहिला. तेवढ्यात ताई जिना उतरून आली. टेबलातलं तिचं सामान न्यायला आली होती, काखेत पिशवी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पिशवी खाली ठेवून ती पायरीवर बसली, हवालदाराच्या हातातून कागद आणि पेन घेतलं आणि म्हणाली, "बोल. मी लिहिते."

मी बोललो. ती लिहीत गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"किती दिवस ठेवलास अर्ज?"

"चाळीसेक."

"चाळीसेक असं लिहीत नाहीत."

"एकेचाळीस. या ओरडत आत शिरल्या त्या दिवसापर्यंत."

"डोळा कितव्या दिवशी गेला?"

मी हे रोज मोजत होतो. तिला सांगायला आठवावं लागलं नाही. "छत्तिसाव्या."

पेन थांबलं नाही. तिनं छत्तीस लिहिलं, ओळ पुरी केली. मग पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"का ठेवलास?"

"तुमच्यासाठी, ताई. चौदा महिने राहिले होते."

"अर्ज पहिल्या दिवशी माझ्या हातात आला असता, तर मी त्याच दिवशी कबूल केलं असतं. हे तुला माहीत नव्हतं?"

वेल्डर रडायचा थांबला होता. बायको, हवालदार, सगळे माझ्याकडे बघत होते.

"माहीत होतं," मी म्हणालो. "म्हणूनच ठेवला."

"हेही लिहू?"

"लिहा."

तिनं लिहिलं, आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं.